अक्काच्या खोलीतला स्पीकर

हा ग्रुप मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगू का... हसायला वाचत होते. मिस्टर दुकानातून जेवायला आले की एखादा अनुभव त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मग दोघांनी मिळून त्याची चिरफाड करायची, हा आमचा उद्योग. पांढरी आकृती दिसली? धुकं असेल. आपोआप दार वाजलं? बिजागरी बघा आधी!

माझा स्वभावच तसा आहे. मी जळगावला एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वस्तू बिघडली की आधी स्क्रू काढायचे, मग बोलायचं. माहेरचं वातावरणही तसलंच. आम्ही बौद्ध. धुळ्याच्या आमच्या घरात कधी कुणाची दृष्ट काढली गेली नाही की दाराला लिंबू-मिरची लागली नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की माझे वडील तिथं जाऊन शांतपणे म्हणायचे, "पाणी पाजा त्यांना, उपाशी असतील." त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण हे म्हणाले, "इतरांची चिरफाड करतेस ना, आता आपलंही टाक. बघू कोण काय कारण सांगतं." म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

माझ्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. धुळ्यात एका कारखान्यात फिटर होते, पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची गायन पार्टी. आबा पेटीवर, ढोलकीवर देविदास नाना, मागे कोरसला तीन-चार जण. बुद्धजयंती असो, कुणाचं लग्न असो, बारसं असो... धुळ्यापासून पार पिंपळनेरपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. गाणी आबा स्वतः रचायचे. थोडी मराठीत, बरीच अहिराणीत.

आणि अक्का, म्हणजे माझी आई. तिलाही सगळे अक्काच म्हणतात, मीसुद्धा. लग्नानंतर दोन-तीन वर्षं तीही पार्टीत गायची. नाना अजून सांगतात की अक्का उभी राहिली की माईकची गरज पडायची नाही. मग मी झाले, तिनं स्टेज सोडलं, आणि घरात टेपरेकॉर्डर आला तो त्यानंतर. त्यामुळे आबांच्या कॅसेटी ट्रंकभर आहेत, पण अक्काचा आवाज त्यातल्या एकीतही नाही.

माझ्या बारशाला आबांनी एक पाळणा रचला होता. तो कार्यक्रमात कधीच म्हटला गेला नाही. घरातलाच होता तो. अक्का मला झोपवताना म्हणायची आणि आबा कधी घरी असले तर हळूच पेटी धरायचे. त्याची सुरुवात मला पाठ आहे —

चांदनं उनं अंगनमा, नीज मनी माय
वाराले सांगस मी, हयू हयू जाय

म्हणजे अंगणात चांदणं आलंय, नीज गं माझी बाय... वाऱ्याला सांगते मी, हळूहळू जा.

आबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. पेटी आम्ही विहारातल्या नव्या पोरांच्या पार्टीला देऊन टाकली. अक्का धुळ्यालाच एकटी राहिली. किती म्हटलं, "ये माझ्याकडे," तर "मनं घर शे ना आठे," म्हणायची, माझं घर आहे ना इथे. नंतर एका सकाळी शेजारणीचा फोन आला — अक्का ओट्यावर पडलीय, तोंड वाकडं झालंय.

वेळेत दवाखान्यात पोचली म्हणून जीव वाचला. उजवा हात गेला, पाय थोडा सावरला. पण बोलणं... बोलणं पूर्ण गेलं. आम्ही तिला जळगावला घेऊन आलो. मेहरूण तलावाच्या बाजूला आमचं घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली. ती खोली अक्काची केली. खिडकीबाहेर कडुनिंब आहे, तिला तो आवडेल असं वाटलं.

तुमच्यापैकी कुणी घरात असा पेशंट पाहिला असेल तर कळेल. तिला सगळं समजत होतं. पाणी हवंय, पंखा नकोय, लेक-जावई-शेजारी, सगळं. पण तोंडातून फक्त "ते... ते..." यायचं. पाणी मागायला गेली तरी "ते", रागावली तरी "ते". मी एकेक वस्तू दाखवत सुटायचे, हे हवंय का, ते हवंय का, आणि ती डोळे मिटून घ्यायची. एक स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची, फार गोड आणि चिकाटीची. चित्रं दाखवून म्हणायची, "अक्का, हे काय? सांगा बरं... का... काऽऽ..." आणि अक्का भिंतीकडे तोंड करायची. जी बाई माईकशिवाय मैदान भरून टाकायची, तिला कुणीतरी 'का' म्हणायला शिकवतंय! मला बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायचे.

त्याच दिवसांत मी ट्रंकेतल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला घेतल्या. मी बिनपगारी लांब रजा टाकली होती, हातांना काहीतरी काम हवं होतं. जुना टेप डेक दुरुस्त केला, त्याची वायर लॅपटॉपला जोडली. कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ रेकॉर्ड व्हायला लागतो, घाई करता येत नाही. काहींना बुरशी लागलेली, काहींची फीत गुंडाळलेली, ती पेन्सिलीनं फिरवून सरळ करायची. मग प्रत्येक गाणं वेगळं कापून त्याला नाव द्यायचं — गाव, प्रसंग, कोरसला कोण. माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर पडून होता, त्यात मोठी हार्ड डिस्क बसवली आणि त्याचा होम सर्व्हर केला. सगळी गाणी त्यात. हॉल, स्वयंपाकघर आणि अक्काची खोली, तिन्हीकडे वायफायचे स्पीकर. मोबाईलवर गाणं निवडायचं, कुठल्या खोलीत वाजवायचं ते ठरवायचं, झालं. हे मला चिडवायचे, "तुझं आकाशवाणी केंद्र सुरू झालं का?"

मला वाटलं होतं आबांचा आवाज ऐकून अक्का रडेल, हसेल, काहीतरी करेल. तिनं काही केलं नाही. ऐकायची, बस. गाणं संपलं की खिडकीबाहेर बघायची. एकदा तर तिनं डाव्या हातानं 'बंद कर' अशी खूण केली. मी नंतर तिच्या खोलीत गाणी लावणं कमी केलं.

आता मुख्य गोष्ट.

उन्हाळ्यातला रविवार होता, दुपार. जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे हॉलमध्ये पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. मी ओट्याशी कैरी चिरत होते. आणि अक्काच्या खोलीतून पेटी ऐकू आली.

मी चिरतच राहिले. वाटलं ह्यांनी लावलं असेल. मग आबांचा आवाज आला —

"चांदनं उनं अंगनमा..."

माझा हात थांबला. कारण सगळ्या कॅसेटी मी माझ्या हातानं घेतल्या होत्या, एकूण एक फाईलला नाव मी दिलं होतं. पाळणा त्यात नव्हता. तो कधी रेकॉर्डच झाला नव्हता!

आबांनी ती एकच ओळ म्हटली आणि थांबले. पेटीचा सूर मात्र चालू होता, नुसता धरून ठेवल्यासारखा. बराच वेळ. मग पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबले.

मी खोलीच्या दारात गेले. अक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि स्पीकरकडे बघत होती. गाणं ऐकताना माणूस असं बघत नाही. समोर कुणी बोलत असेल तर आपण बघतो, तसं. मी घाईघाईनं मोबाईल काढला, ॲप उघडलं. अक्काच्या खोलीपुढे लिहिलेलं — 'काही वाजत नाही'. आणि कानात तर आबांचा आवाज! मी माळ्याकडे धावले, सर्व्हरचा लॉग उघडला. सकाळी स्वयंपाकघरात मी लावलेली गाणी दिसत होती, त्यानंतर काहीच नाही. खाली येईपर्यंत आवाज बंद झाला होता. अक्काचे डोळे मिटलेले, पण चेहरा... कसा सांगू, सैल झाला होता. कित्येक दिवस आवळलेली मूठ कुणी सोडवावी तसा.

हे म्हणाले, "राहिली असेल गं एखादी. कॅसेटच्या शेवटी असेल चुकून टेप झालेली."

म्हणून मी पुढचे दिवस तेच केलं. सगळ्या फायली शेवटपर्यंत ऐकल्या. नाही. शेजारच्या कुणाचा मोबाईल जोडला जातोय का पाहिलं, वायफायचा पासवर्ड बदलला. स्पीकर खोलून पाहिला, त्याच्या आत काही साठत नाही. आणखी एक गोष्ट मला नंतर जाणवली. कॅसेटवरून घेतलेल्या प्रत्येक गाण्यात मागे एक 'स्सऽऽ' असा आवाज असतो, कितीही साफ केला तरी थोडा राहतोच. त्या दिवशी तो नव्हता. उलट पेटीचा भाता हलताना जो श्वासासारखा आवाज होतो, तो येत होता. समोर बसून वाजवल्यावर येतो तसा.

काही दिवसांनी पुन्हा आवाज आला. दुपारीच. या वेळी मी पळापळ केली नाही, दारातच उभी राहिले. आबांनी पहिली ओळ पूर्ण म्हटली, मग दुसरी —

"वाराले सांगस मी, हयू हयू..."

आणि शेवटचा शब्द न म्हणता थांबले. सूर धरून ठेवला.

अक्काचे ओठ हलले. आवाज नाही आला. पेटी थांबून होती. तिनं पुन्हा ओठ हलवले, गळ्याची शीर ताणली गेली, आणि —

"...जाय."

स्वच्छ! 'ते' नाही, 'जाय'. सुरात!

"हां," आबा म्हणाले.

आजार झाल्यापासून अक्काच्या तोंडून निघालेला हा पहिला खरा शब्द होता. मी रडत होते, आणि त्याच वेळी डोक्यात दुसरंच काहीतरी चालू झालं होतं. गाण्याच्या मध्ये मोकळी जागा सोडलेली रेकॉर्डिंग असू शकते, शिकवण्यासाठी करतात तशी. पण ती जागा ठरलेली असते ना? तुम्ही म्हणा न म्हणा, तेवढा वेळ झाला की पुढची ओळ येणार. इथे तसं होत नव्हतं. अक्काला वेळ लागला की पेटी जास्त वेळ थांबायची. ती लगेच म्हणाली की लगेच पुढे. एकदा ती 'सांगस'च्या जागी भलतंच काहीतरी म्हणाली, तशी पेटी ओळ सोडून मागे आली आणि आबा म्हणाले, "चुकनं ते चुकनं. फिरी ले."

चुकलं तर चुकलं, पुन्हा घे.

आता तुम्हीच सांगा, रेकॉर्डिंगला कसं कळणार, ऐकणारा चुकला ते?

मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आज दुपारी तू जरा झोप." मला वाटतं त्यांना माझीच काळजी वाटली असावी. जागरणं, दगदग... पण एका दुपारी ते दुकान लवकर बंद करून जेवायला आले, मी ताट वाढत होते, आणि पेटी सुरू झाली. ते हॉलमध्ये एक बूट काढून तसेच उभे राहिले. एक बूट पायात, एक हातात. आबांचा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेला. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "आबा?"

मी मान हलवली.

"राउटर बंद कर," ते म्हणाले. त्यांना भीती नव्हती वाटली, मी म्हणते तसं 'आधी स्क्रू काढा' हे त्यांच्याही अंगात मुरलेलं. मी राउटरचं बटण बंद केलं. ते माळ्यावर जाऊन सर्व्हरची पिनच काढून आले. स्पीकरला गाणं पाठवू शकेल असं घरात आता काही चालू नव्हतं.

आबा गात होते.

"बफरमध्ये असेल," हे म्हणाले. म्हणजे स्पीकर पुढचं थोडं गाणं आधीच साठवून ठेवतो. मी म्हटलं, "अहो, तो काही सेकंदांचा असतो." आम्ही थांबलो. काही सेकंद गेले, काही मिनिटं गेली. आत अक्का अडखळत होती, आबा थांबत होते, पुन्हा घेत होते.

आता एकच गोष्ट उरली होती. स्पीकरची स्वतःची पिन. ती अक्काच्या पलंगामागच्या बोर्डात. मी आत गेले. अक्का गात होती, एक ओळ, अर्धी तुटकी, पण गात होती. मी वाकून पिनेला हात घातला. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला याहून सोपी परीक्षा नाही हो! पिन काढली आणि आवाज बंद झाला, तर तो स्पीकरमधून येतोय. नाही झाला, तर नाही. जे काही असेल ते एका क्षणात कळलं असतं.

अक्काचं गाणं थांबलं. पेटीही थांबली, सूर मात्र धरलेला.

"सुजा," अक्का म्हणाली. माझं नाव! "राहू... दे."

मी वर बघितलं. तिचा डावा हात माझ्या हाताकडे आला होता. डोळ्यांत विनवणी नव्हती. लहानपणी मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करायला धावायचे तेव्हा ती म्हणायची ना, 'असू दे गं, मी बघते', तसंच होतं ते.

मी हात काढून घेतला.

नंतर ह्यांनी विचारलं, "का नाही काढलीस?" मी म्हटलं, "ती बोलली म्हणून." खरंच तेवढंच कारण होतं. तिची दोन शब्दांची पहिली मागणी होती ती, आणि मी ती नाकारून परीक्षा करत बसायची? होऊ शकलं नाही माझ्याच्यानं. यावर कुणी मला बावळट म्हटलं तरी चालेल.

राउटर आम्ही संध्याकाळी चालू केला. त्यानंतर आम्ही शोधाशोध बंद केली. दुपारी अक्काच्या खोलीचं दार थोडं लोटून घ्यायचं आणि आपण बाहेर बसायचं, एवढंच. कधी यायचा आवाज, कधी नाही यायचा. अक्का रोज दुपारी मला केस विंचरायला लावू लागली. आधी खुणेनं, मग "केस" म्हणून. केस विंचरून, चापूनचोपून अंबाडा घालून बसायची. पूर्वी कार्यक्रमाला निघताना घालायची तसाच. थेरपिस्ट मुलगी चकित झाली. तिनं सांगितलं की असं होतं — बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, गाणं दुसऱ्याही बाजूला, त्यामुळे बोलता न येणारी माणसं कधीकधी गाऊ शकतात आणि गाण्याच्या वाटेनं बोलणं परत येतं. "पण तुम्हाला हे कुणी सांगितलं करायला? कोण घेतं त्यांचं गाणं?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "घरातलेच." खोटं नव्हतं ते.

एकदा मी मोबाईल खिडकीत ठेवून रेकॉर्ड केलं. चोरून नाही, अक्काला दाखवून. ती हसली. आबांनी त्या दिवशी पाळण्याची दोन्ही कडवी घेतली. रात्रीची भांडी आवरून आम्ही दोघं ते ऐकायला बसलो. त्यात पंख्याचा आवाज आहे, कडुनिंबावरचा कोकीळ आहे, रस्त्यावरून जाणारा भंगारवाला आहे आणि अक्का आहे. ती म्हणते, थांबते, म्हणते, थांबते. पेटी नाही, आबा नाहीत. हे उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग देविदास नाना आले. आता खूप थकलेत, धरणगावला मुलाकडे असतात. अक्काला बघायला म्हणून मुलाला घेऊन आले. काठी कोपऱ्यात ठेवली, पलंगाशेजारी खुर्चीवर बसले आणि तिला ओळख पटते का बघायला मोठ्यानं विचारलं, "वयखं का माले, वहिनी?"

अक्का म्हणाली, "ढोलकी."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मनात म्हटलं, सांगावं का यांना? आणि सांगूनच टाकलं सगळं. नाना ऐकत राहिले. मला वाटलं हसतील, कारण तेही आबांच्याच तालमीतले. ते म्हणाले, "हाई गानं कोनी रेकॉर्ड करेलच नही, पोरी. तुना बारसानं गानं ते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पन आबा असाच शिकाडे. वळ दे नि थांबी जाये. समोरचा म्हनेपर्यंत पुढे जायेच नही. माले म्हने, आपले कोनती घाई शे?" ओळ द्यायची आणि समोरचा म्हणेपर्यंत थांबायचं, ही आबांची पद्धत.

आम्ही सगळे वाट बघत बसलो. मनातून मला वाटत होतं की आज आवाज यावा, नानांनी ऐकावा. दुपार सरत आली, पण स्पीकर गप्पच. नानांनी चहा घेतला, निघायला म्हणून काठीकडे हात केला.

तेव्हा अक्कानं गळा साफ केला. आणि कुणी सूर न देता, कुणी ओळ न देता, तिनं पाळणा म्हटला. पूर्ण. मध्ये एका जागी अडली, तर स्वतःच मागे गेली आणि पुन्हा घेतली. नानांनी काठी सोडून दिली होती. खुर्चीच्या दांडीवर त्यांची बोटं चालू झाली, आधी चाचपडत आणि मग अगदी पक्की. आवाज पूर्वीचा नव्हता तिचा, थरथरत होता. पण खोली भरली होती. हे दारात उभे होते, नानांचा मुलगा त्यांच्यामागे. गाणं संपलं. नाना म्हणाले, "वहिनी, आबाले आयकू गयं व्हई."

आबांना ऐकू गेलं असेल.

अक्का म्हणाली, "हां."

त्या दिवसानंतर तो आवाज आजपर्यंत आलेला नाही. सर्व्हर तोच, स्पीकर तोच, जागाही बदललेली नाही. मी अजूनही कधी दुपारी घरी असले की कान देते. अक्का देत नाही. ती आता बरीच बोलते. हळू, शब्द शोधत, कधी चुकीचा शब्द टाकून स्वतःच हसत. मी पुन्हा कॉलेजला जाऊ लागलेय. संध्याकाळी घरी आले की ती दिवसभराचं सांगते, दूधवाला उशिरा आला, कडुनिंबाला निंबोळ्या लागल्या, जावयानं भाजीत मीठच टाकलं नाही.

मध्ये एकदा धीर करून मी तिला विचारलं. "अक्का, तो आवाज कुठून यायचा गं?"

ती म्हणाली, "माले काय माहीत? तू... शिकेल शे ना." आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. शिकलेली मी आहे हे खरं, पण मला उत्तर माहीत नाही हेही तेवढंच खरं. तिचं बोलणं परत आलं त्याला कारण आहे, ते मी वर दिलंय, डॉक्टरांनाही ते पटतं. पण तिला ओळ कोण देत होतं? ह्यांनी आणि मी, दोघांनी एकच गोष्ट ऐकली, तो भास होता का? भास नसेल, तर ती मोबाईलमध्ये का आली नाही? आणि भास असेल, तर अक्का इतक्या अचूक जागी कुणासाठी थांबत होती? आम्ही दोघांनी खूप डोकं लावलं. इथल्या कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी रागावणार नाही. चिरफाड केली तरी चालेल.

मोबाईलवरचं ते रेकॉर्डिंग मी सर्व्हरवर टाकलंय. आबांच्या फोल्डरमध्ये अक्काच्या आवाजाची ती पहिलीच फाईल. टाकताना सॉफ्टवेअरनं विचारलं, मधली शांतता काढून टाकू का? मी 'नाही' दाबलं.

अक्का कधीकधी ते लावायला सांगते. स्वतःचा आवाज लागला की इकडेतिकडे बघते, लाजते, मला म्हणते, "बेसूर." पण मधली ती मोकळी जागा आली की बोलायची थांबते. मान किंचित एका बाजूला कलते तिची. आणि ती जागा संपायच्या अगदी जरा आधी ती हलकेच मान हलवते, समोरच्याचं ऐकून झाल्यावर आपण हलवतो तशी.

तिला तिथे काही ऐकू येतं का, हे मी विचारलेलं नाही.